एक ऑगस्ट : दोन तसबिरींच्या मधली जागा

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत १ ऑगस्टच्या सकाळी जाऊन बघा. व्हरांड्यात टेबल मांडलेलं असतं, त्यावर धुतलेली चादर आणि दोन तसबिरी. एकीत पगडी, उपरणं, भरघोस मिशा. दुसरीत मागे वळवलेले केस आणि कष्टानं ओढलेला चेहरा. एक मुलगा शेंगांच्या टरफलांची गोष्ट घडाघडा म्हणतो, एक मुलगी दीड दिवसाच्या शाळेची. टाळ्या होतात, मुलं वर्गात जातात. संध्याकाळी गावात मात्र या दोन तसबिरींची फारकत होते. टिळकांवरचं व्याख्यान एका सभागृहात, अण्णाभाऊंची मिरवणूक दुसऱ्याच पेठेतून. इकडचे तिकडे जात नाहीत, तिकडचे इकडे येत नाहीत.

१ ऑगस्ट १९२० च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला. त्याच तारखेला वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी, मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे पुढचे अण्णाभाऊ, जन्मला. आणि गांधीजींनी असहकाराच्या आरंभासाठी ठरवलेला दिवसही हाच होता. कैसर-ए-हिंद पदक त्यांनी याच दिवसाच्या पत्रानं सरकारला परत केलं. तारखा जुळणं हा योगायोग, त्यात दैवी संकेत शोधण्याचं कारण नाही. पण या दोन आयुष्यांच्या मध्ये एक माणूस उभा आहे, आणि शाळेतल्या भाषणांत तो कधीच येत नाही. तो म्हणजे मुंबईचा गिरणी कामगार.

२२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना राजद्रोहाबद्दल ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या थंडावू लागल्या. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली, चाळीच्या एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी ही माणसं. बहुतेकांना टिळकांचा केसरी स्वतः वाचता येत नव्हता. ज्याला येई तो मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत. या माणसांनी हिशेब साधा लावला : शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. ६ दिवस संप चालला. लष्कर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. दूर युरोपात लेनिननं या संपाची दखल घेऊन लिहिलं, की हिंदुस्थानचा कामगार आता राजकीय लढ्याला उभा राहिला आहे. त्या संपात मेलेल्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

१२ वर्षांनी, ऑगस्टच्या धो-धो पावसात, टिळकांची अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीकडे निघाली तेव्हा हाच कामगार लाखोंच्या गर्दीत होता. तिरडीला गांधीजींनी खांदा दिला. चौपाटीच्या वाळूत अग्नी दिला गेला. आज त्या जागी टिळकांचा पुतळा आहे.

वाटेगावचा तुकाराम पुढे वडिलांबरोबर पायी मुंबईला आला तो याच गिरणगावात. हमाली केली, गिरणीत राबला, पाट्या आणि भित्तिपत्रकं वाचत अक्षरं गोळा केली, लाल बावट्याखाली उभा राहिला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक काढलं. टिळकांच्या काळी जो कामगार ऐकणारा होता, तो अण्णाभाऊंच्या तोंडून बोलू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ऐकताना माणसं रडत, कारण त्या मैनेत प्रत्येकाला आपली गावाकडे राहिलेली बायकोही दिसे आणि तुटून पडलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही.

मधली जागा सरळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. मार्च १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक बोलले, आणि देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचं बोलले. पण तिथल्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं. पैसे देऊनही केसरीनं त्याची जाहिरात छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलं आहे. वाटेगावच्या मांगवाड्यापर्यंत टिळकांचं स्वराज्य पोचायला वेळ का लागला, याचं उत्तर या सहीत आणि या जाहिरातीत आहे. टिळकांवर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये. झाकलं, की दुसऱ्या पेठेतल्या माणसानं या सभागृहात का यावं, याला उत्तर उरत नाही.

टिळकांच्याच घरातली दुसरी नोंदही तितकीच खरी. टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी १९२८ साली पुण्यात टिळकांच्या गायकवाड वाड्यातच समता संघाची शाखा काढली, समारंभाला डॉ. आंबेडकर आले होते, सहभोजन झालं. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीधरपंतांनी आयुष्य संपवलं. मरण्याआधी त्यांनी ज्यांना पत्रं लिहिली त्यांत बाबासाहेब होते. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ ही कादंबरी अर्पण केली तीही बाबासाहेबांच्या लेखणीला.

या तारखेला महाराष्ट्रात महसूल दिनही असतो, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. तलाठी कार्यालयातही कार्यक्रम होतो. तिथे आठवायला हरकत नाही, की १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेची माणसं फॅमिन कोडचा मराठी तर्जुमा घेऊन खेडोपाडी हिंडली आणि पीक बुडालं असेल तर सारा भरू नका, असं केसरी शेतकऱ्याला बजावत होता. आणि अण्णाभाऊंचा फकिरा भुकेल्या वस्तीसाठी इंग्रजांचा खजिना लुटतो. एकानं कायद्याचं कलम दाखवलं, दुसऱ्यानं कायदा मोडणाऱ्याला नायक केलं. दोघांच्याही पुढे होतं ते उपाशी घर.

शिक्षकांना एक विनंती आहे. टरफलांची गोष्ट आणि दीड दिवसाची शाळा यंदा मुलांना ठाऊक आहे असं धरून चाला. त्याऐवजी दहा मिनिटं काढून १९०८ च्या त्या ६ दिवसांची गोष्ट सांगा, आणि संध्याकाळी दोन्ही कार्यक्रमांना मुलांना घेऊन जा.