येलवाल ते राष्ट्रपती भवन : सही कोणाची, ताकद कोणाची?



एखाद्या माजी राष्ट्रपतींचे नाव निघाले की आपल्या युनियन ऑफिसात, रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंगच्या टेबलाभोवती लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "देवमाणूस होता, राजकारण्यांनी काही करू दिले नाही." दुसरा म्हणतो, "कसला देवमाणूस, नुसता रबर स्टॅम्प!" त्यातून डाव्यांचा विषय निघाला तर तिसरे मत तयारच असते, "डाव्यांचे काय, ते चांगल्या माणसालाही विरोधच करणार." ही तिन्ही मते अर्धवट आहेत असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. राष्ट्रपती कोण होते यापेक्षा त्यांच्यापुढे कोणता कागद आला, तो कोणी पाठवला आणि त्या वेळी आपली ताकद किती होती, हे कामगाराने पाहिले पाहिजे. याचा पहिला धडा मिळतो तो म्हैसूरजवळच्या एका लहानशा गावात.

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल हे गाव आहे. कन्नड माणसे त्याला इलवाल म्हणतात. मिरज, बेळगाव, लोंढ्याकडच्या आपल्या कितीतरी साथींना म्हैसूर स्टेशन ठाऊक असेल, येलवाल ठाऊक नसेल. या गावी २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी सर्व सेवा संघाने ग्रामदान परिषद भरवली होती. परिषदेच्या केंद्रस्थानी होते आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा भावे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले, गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत आले, जयप्रकाश नारायण आले. आणि त्याच परिषदेत केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेते झेड. ए. अहमद हेही बसले होते.

आज याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने होत होते. कम्युनिस्ट म्हणजे देशाचा वैरी असे छातीठोकपणे सांगणारे त्या काळी गावोगाव होते. विनोबांचे भूदान सुरू झाले तेही १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीला, जिथे जमिनीसाठी कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा झाला होता. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे समोरासमोर उभी होती. येलवालला ती दोन्ही उत्तरे देणारी माणसे राष्ट्रपतींसमोर एकत्र आली आणि ग्रामदानाला पाठिंबा देणारे संयुक्त निवेदन निघाले. भूमिहीनाचा प्रश्न पक्षाच्या झेंड्यापेक्षा मोठा आहे हे तेथे सर्वांनी मान्य केले. एवढी गोष्ट चांगली झाली आणि ती चांगली म्हणून सांगितलीच पाहिजे.

पण पुढे काय झाले? अवघ्या बावीस महिन्यांनी, ३१ जुलै १९५९ रोजी, नंबुद्रिपाद यांचे बहुमतातले सरकार बरखास्त झाले. कुळांना जमिनीवर हक्क देणारे विधेयक विधानसभेने मंजूर केले होते, त्याचा कायदा व्हायचा होता, तोच हा घाव पडला. बरखास्तीच्या हुकुमावर सही राजेंद्रप्रसादांची. निर्णय नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा, गृहखाते पंतांकडे, आणि काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसलेल्या इंदिरा गांधींचा आग्रह. येलवालला एकत्र बसलेल्यांपैकी तिघे एका बाजूला आणि एक जण रस्त्यावर!

म्हणून राजेंद्रप्रसाद डाव्यांचे शत्रू होते असे म्हणायचे का? हिशेब इतका सोपा नाही. १९५० साली बिहारच्या जमीनदारी-निर्मूलन कायद्याला संमती द्यायला ते कचरत होते. मंत्रिमंडळाने आग्रह धरल्यावर त्यांनी सही केली. जमीनदारी मोडणाऱ्या कायद्यावर सही त्यांची आणि कुळांची बाजू घेणारे सरकार मोडणाऱ्या हुकुमावरही सही त्यांचीच. लेखणी एकच. दोन्ही वेळा ती चालली मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

आपल्यापुरते बोलायचे तर १९६० विसरता येत नाही. येलवालच्या परिषदेआधी दोनच महिने, जुलै १९५७ मध्ये, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले होते : कमावत्यामागे तीन माणसांचे पोट, त्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा. दुसऱ्या वेतन आयोगाने ते सूत्र केंद्रीय कर्मचाऱ्यांना लावले नाही. म्हणून ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून रेल्वे, टपाल आणि तारखात्यासह केंद्रीय कर्मचारी संपावर गेले. संप मोडायला जो अत्यावश्यक सेवा वटहुकूम निघाला तो राष्ट्रपतींच्याच नावाने. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. संपाच्या आधी नुसते सूत्र कागदावर ठेवून कोणी पगारवाढ दिली नव्हती, आणि संपानंतर राष्ट्रपतींच्या साधेपणाच्या गोष्टी ऐकवून कोणाची चार्जशीट रद्द झाली नाही.

आता आपल्या घरच्या माणसाकडे वळू. व्ही. व्ही. गिरी हे राष्ट्रपती व्हायच्या आधी रेल्वे कामगारांचे पुढारी होते. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या गाड्या नागपूर-गोंदियाहून कलकत्त्याकडे धावत, त्या रेल्वेच्या कामगारांची संघटना त्यांनी बांधली आणि १९२७ च्या खरगपूरच्या लढ्यात ते पुढे होते. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने काटछाट केली तेव्हा त्यांनी केंद्रीय श्रममंत्रिपदाचा राजीनामा दिला. मालक आणि कामगारांनी समोरासमोर बसून प्रश्न सोडवावा, सक्तीच्या लवादावर विसंबू नये, हा त्यांचा जन्मभराचा आग्रह. येलवाल ज्या म्हैसूर राज्यात, त्या राज्याचे ते १९६५ ते १९६७ राज्यपालही होते.

पण गिरी डावे होते का? १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली तेव्हा ना. म. जोशी यांच्याबरोबर मवाळ गटातून बाहेर पडणाऱ्यांत गिरी होते, आणि आत राहिलेल्यांत कम्युनिस्ट. चाळीस वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, त्याच गिरींना राष्ट्रपती करायला दोन्ही कम्युनिस्ट पक्षांची मते पडली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि दुसऱ्या पसंतीची मते मोजून गिरी निवडून आले. त्या निवडणुकीत तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा हा माणूस मराठी मनाला प्रिय होता. पण त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ उभे होते, म्हणून डाव्यांनी मराठीपण पाहिले नाही, बाजू पाहिली. त्यात गैर काही नव्हते. हंगामी राष्ट्रपती म्हणून पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही करणारे गिरीच होते. "आपला माणूस वर गेला" असे कामगारांना वाटले तर नवल नाही.

आणि मग १९७४ उजाडले. ८ मे रोजी देशभरातील रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस, सार्वजनिक उद्योगांइतका पगार, लोको कर्मचाऱ्यांना आठ तासांची ड्यूटी, अशा मागण्या होत्या. फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच लखनौला अटक झाली होती. हजारो साथी तुरुंगात गेले. नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून बायकापोरांना सामानासकट बाहेर काढले गेले. मनमाड, भुसावळ, परळ, सोलापूर येथील जुन्या साथींनी हे आम्हाला अनेकदा सांगितले आहे. वीस दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. या सर्व काळात राष्ट्रपती भवनात कोण होते? रेल्वे कामगारांची संघटना बांधणारे व्ही. व्ही. गिरी. समोरासमोर बोलणी व्हावीत असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत बोलणी करणाऱ्यालाच पकडले गेले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

गिरींना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. घटनेप्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे स्पष्ट शब्दांत लिहिले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची सोय दिली. तो पुन्हा आला की मानलाच पाहिजे. म्हणून "आपला माणूस वर आहे" या भरवशावर संप जिंकता येत नाही. बडतर्फ साथी परत कामावर आले ते १९७७ साली, लोकांनी सरकार बदलले आणि प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. बोनस मिळाला १९७९ साली. त्यामागे चुहत्तरच्या संपाची पुण्याई होती, कोणाची मेहेरबानी नव्हती.

मग राष्ट्रपतींचे पद अगदी निरुपयोगी आहे का? टपालातील साथींनी तरी असे म्हणू नये. ज्ञानी झैलसिंग यांची लोकांनी टिंगल खूप केली. पण १९८६ साली संसदेने मंजूर केलेले पोस्ट ऑफिस दुरुस्ती विधेयक, ज्याने लोकांची पत्रे अडवण्याचा मोकळा अधिकार सरकारला मिळणार होता, ते त्यांच्यापुढे गेले तेव्हा त्यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. संमतीला घटनेत मुदत घातलेली नाही, याचा त्यांनी उपयोग केला. जुलै १९८७ मध्ये ते निवृत्त झाले तरी विधेयक तसेच होते, आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. १८९८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली नवा पोस्ट ऑफिस कायदा आला. त्यातही टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार आहे, आणि त्यावर राष्ट्रपतींची संमती आहे. एका राष्ट्रपतींनी अडवलेला पाणलोट दुसऱ्या वाटेने येतो. बांध घालायचा तो लोकमतानेच.

शेवटचे उदाहरण नाजूक आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याइतके प्रेम क्वचितच कोणा राष्ट्रपतींना मिळाले असेल. आपल्या मुलांच्या वह्यांवर त्यांचा फोटो असतो. २००२ साली डाव्यांनी त्यांच्याविरुद्ध आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, तेव्हा डाव्यांवर चोहोबाजूंनी टीका झाली. कलामांचा मान आम्हीही ठेवतो. पण १ जानेवारी २००४ पासून नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत, आणि नव्या पेन्शनचा पीएफआरडीए वटहुकूम डिसेंबर २००४ मध्ये निघाला तो त्यांच्याच सहीने. त्या वटहुकुमाचा कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडले. का? कारण २००४ च्या लोकसभेत डाव्यांचे साठाच्या आसपास खासदार होते आणि त्यांच्या पाठिंब्यावर सरकार होते. त्यांनी विधेयक अडवून धरले. २००९ साली ते चोविसावर आले आणि वाट मोकळी झाली.

डाव्यांनाही आम्ही सूट देत नाही. विधेयक अडले तरी योजना चालूच राहिली आणि पगारातून कपात होतच राहिली. केरळात २०१३ साली काँग्रेस आघाडीच्या सरकारने तीच योजना आणली. २०१६ साली डावी आघाडी सत्तेवर आली, पण त्या सरकारनेही आपल्या पहिल्या पाच वर्षांत ती मागे घेतली नाही. लाल बावटा खांद्यावर असला म्हणजे हिशेब विचारायचा नाही असे नाही. उलट त्याला अधिक कसून विचारला पाहिजे.

यातून आम्ही काय शिकायचे? पहिले, माणसाचा साधेपणा, जात, भाषा किंवा रंग पाहून राष्ट्रपतींचे मोल ठरवू नये. त्यांनी काय सही केले, काय परत पाठवले आणि काय अडवले ते पाहावे. दुसरे, सहीआधी कागद मंत्रिमंडळात आणि संसदेत तयार होतो. तिथे आपली बाजू मांडणारे किती आहेत हे मतदानाच्या दिवशी आठवावे. तिसरे, संसदेतही तोच आवाज पोहोचतो जो आधी फाटकावर घुमतो. २०२५ पासून खात्रीच्या पेन्शनची यूपीएस योजना सरकारला आणावी लागली, कारण जुनी पेन्शन परत द्या म्हणून देशभर कर्मचारी रस्त्यावर उतरले. ती जुन्या पेन्शनची बरोबरी करत नाही, म्हणून लढा संपलेला नाही.

येलवालला राष्ट्रपती आणि कम्युनिस्ट मुख्यमंत्री एकत्र बसले ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्या परिषदेत भूमिहीन शेतमजुराच्या नावाने जे बोलले गेले, ते टिकवून धरायला त्याची स्वतःची बळकट संघटना मागे नव्हती. आपली आहे. तिच्या पावत्या फाडा, तरुण ट्रॅकमनला आणि ग्रामीण डाक सेवकाला सभेला घेऊन या, आणि राष्ट्रपती भवनाकडे डोळे लावण्याआधी आपल्या शेजारी कोण उभे आहे ते पाहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!