पैसे मोजले, तरी खेळ कंपनीचाच

अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये संचारबंदीपाठोपाठ इंटरनेट सेवा खंडित झाली. मे २०२३ मधील दंगलीनंतर अकोल्यातही तेच घडले. व्यवहार अडले, अभ्यास अडला, त्याची चर्चाही झाली. व्हिडिओ गेमचा विषय अशा वेळी क्षुल्लकच ठरतो. तथापि, एकट्याने खेळायचे अनेक विकतचे गेमही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याशिवाय सुरू होत नाहीत. जोडणी तुटली की पैसे मोजूनही खेळ बंद! खेळाडूंचा संताप आहे तो याच अटीवर.

नक्कल रोखण्यासाठी ही अट आवश्यक असल्याचे समर्थन नेहमी केले जाते. तांत्रिक अपरिहार्यतेचेही कारण दिले जाते. ते किती तकलादू असते, हे 'सिमसिटी'ने दाखवले. मार्च २०१३ मध्ये हा गेम बाजारात येताच सर्व्हर कोलमडले. शहराची बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होत असल्याने जोडणी अटळ आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. सुमारे वर्षभराने मात्र त्याच कंपनीने इंटरनेटविना खेळण्याची सोय दिली.

'द क्रू'च्या ग्राहकांना तेही लाभले नाही. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या प्रती निरुपयोगी झाल्या. अमरावती-अकोल्यातील सेवा निदान काही दिवसांत पूर्ववत झाली होती.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळतो, हे विक्रीवेळीच स्पष्ट सांगणे डिजिटल विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. कायमस्वरूपी उतरवून इंटरनेटविना वापरता येणाऱ्या गेमना त्यातून सूट आहे.