पोलोचा सामना पाहावयास जातांना

पोशाख ही क्षुल्लक बाब आहे, तीसाठीं मासिकाचीं पृष्ठें कशाला खर्चावयाचीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांत मिळकत बेताची आणि शिकणारीं मुलें तीन, त्या घरांत एका दिवसाच्या समारंभासाठीं नवा कोट शिवावा कीं न शिवावा, हा प्रश्न मुळींच क्षुल्लक नसतो. त्यांतून समारंभ पोलोच्या सामन्याचा असला म्हणजे विचारूंच नये. हा खेळ राजेरजवाड्यांचा, तेथें थाटामाटावांचून जाणें म्हणजे हंसें करून घेणें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्या पायीं पुष्कळ मुलें एका उत्कृष्ट खेळास मुकतात.

प्रेक्षकाचा पोशाख कसा असावा हें ठरविण्यापूर्वीं त्यानें जावयाचें कोठें, हें पाहिलें पाहिजे. पोलोचें मैदान ३०० यार्ड लांब व सुमारें २०० यार्ड रुंद, म्हणजे बारा एकरांहून थोडें अधिक असतें. कडेस फळ्या लावल्या असल्यास रुंदी १६० यार्ड ठेवितात. प्रत्येक बाजूस चार स्वार असतात. डाव सुमारें साडेसात मिनिटांचा. त्यास चक्कर म्हणतात. चकरीगणिक स्वार घोडा बदलतात, कारण भरधांव दौडीनें तेवढ्या वेळांत चांगलें जनावरही थकतें. या दौडींत टापांखालीं हिरवळीचीं ढेकळें उखडतात. म्हणून मध्यंतरांत प्रेक्षक मैदानांत उतरतात आणि तीं ढेकळें पायांनीं दाबून पूर्ववत् बसवितात. हा केवळ करमणुकीचा रिवाज नव्हे. खळग्यांत घोड्याचा पाय मुरगळूं शकतो, व त्याजबरोबर स्वाराचाही जीव धोक्यांत येतो. म्हणजे येथें प्रेक्षक हा नुसता बघ्या नसून मैदानाचा थोडासा राखणदारही असतो.

एवढें ध्यानांत घेतलें कीं पोशाखाचे निम्मे नियम आपोआप ठरतात. पादत्राणें सपाट तळाचीं असावींत. उंच व टोंकदार टांचेचा जोडा घालून हिरवळीवर चालणारी बाई खळगे बुजवीत नाहीं, तर नवे पाडते. शिवाय तिचा स्वतःचा पाय मुरगळण्याचें भय असतें तें निराळेंच. मैदानाच्या कांठीं सावली क्वचित्, तेव्हां डोक्यास टोपी, फेटा किंवा पदर हवाच. मात्र टोपीचा घेर मागच्या मनुष्याची दृष्टि अडवील इतका मोठा नसावा. घोड्यांच्या जवळून जातांना छत्री एकाएकीं उघडूं नये व फडफडणारें वस्त्र आवरून धरावें. घोडें बिचकणारें जनावर आहे. जयपूर, दिल्ली इकडे हे सामने मुख्यतः हिवाळ्यांत होतात. तेथें दुपारीं ऊन व सायंकाळीं थंडी, म्हणून सुती कपड्यांबरोबर एखादी शाल किंवा लोकरी बंडी जवळ असावी. आमच्या मुंबईंत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावरही पोलो होत आला आहे. तेथें मात्र समुद्राच्या दमट हवेंत जाड कोट घालणें म्हणजे स्वतःस शिक्षा करून घेणें होय.

यावर कोणी म्हणेल, "क्लबाच्या राखीव जागेंत कोट व गळपट्टीचा नियम असतो, त्याचें काय?" निमंत्रणपत्रिकेंत तसा नियम लिहिला असेल, तर तो निमूटपणें पाळावा, यजमानाचा शब्द राखणें हा पाहुण्याचा धर्मच आहे. परंतु तो नियम त्या जागेपुरता असतो, खेळापुरता नव्हे. सामान्य प्रेक्षकांच्या बाजूस स्वच्छ व नीटनेटका पोशाख पुरेसा आहे, आणि तेथून चेंडू कांहीं कमी दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. उंची पोशाख करणें हा खेळाडूंचा व खेळाचा मान आहे, असें कांहीं सभ्य गृहस्थ मनापासून मानतात. त्यांस आम्हीं या खेळाच्या जन्मभूमीकडे पाहण्याची विनंति करूं. सध्यांचा पोलो इंग्रजांनीं उचलला तो आपल्या मणिपुराकडून. तेथें त्यास सगोल काङ्जेई म्हणतात, व त्यांत बाजूस सात सात स्वार असतात. मणिपुरी लोकांचा हा खेळ पाहून काचार जिल्ह्यांतील चहामळेवाल्यांनीं व अंमलदारांनीं १८५९ सालीं सिल्चर येथें क्लब काढला. १८६२ सालीं कलकत्त्यास निघाला. विलायतेची पाळी त्यानंतर आली. इंफाळ शहराच्या मध्यभागीं जुनें मैदान आजही आहे. तेथें परंपरागत खेळ खेळणारा स्वार धोतर नेसून व फेटा बांधून घोड्यावर बसतो, आणि बाजारहाट करणारी स्त्री आपल्या नित्याच्या फनेकांत येऊन खेळ पाहते. तिनें खेळाचा अपमान केला असें म्हणण्याची छाती कोणास होईल?

स्वारांचा पोशाख तरी कसा घडला? जोधपुरी विजार मांडीशीं सैल व पोटरीशीं घट्ट असते, ती दिसण्यासाठीं नव्हे, तर खोगिरावर बसणें सोईचें व्हावें म्हणून. जोधपूरचे सर प्रतापसिंह १८९७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवास विलायतेंत गेले, आणि त्यानंतर ती तऱ्हा तिकडेही मान्य झाली. उलट आज 'पोलो शर्ट' म्हणून जो सदरा दुकानांत मिळतो, तो १९२६ च्या सुमारास लाकोस्त या फ्रेंच खेळाडूनें टेनिससाठीं प्रचारांत आणिला. म्हणजे पोशाखाच्या मुळाशीं सोय असते. मिजास मागाहून चिकटते. प्रेक्षकानेंही स्वारापासून घ्यावयाचें तर तें सोयीचें तत्त्व घ्यावें.

१९३३ सालीं जयपूरच्या संघानें इंग्लंडांतील मोठमोठे सामने जिंकले. १९५७ सालीं फ्रान्सांत दोव्हील येथें हिंदी संघ जगज्जेता ठरला. त्या विजयांची आठवण आजही निघते. परंतु त्या दिवशीं प्रेक्षकांत कोणीं काय परिधान केलें होतें, हें आज कोण सांगतो?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, अशा प्रसंगासाठीं कर्ज काढून कपडे शिवूं नयेत. धुतलेला, इस्त्री केलेला शाळेचा गणवेश आणि पुसलेले साधे जोडे एवढ्यावर मुलास खुशाल पाठवावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं चांगले कपडे आहेत, त्यांनीं ते आनंदानें घालावे. परंतु विरलेल्या सदऱ्याच्या सोबत्याकडे पाहून ओठ मुडपूं नयेत. तुमच्या त्या एका हंसण्यानें तो मुलगा पुढच्या खेपेस पोटदुखीचें निमित्त सांगून घरीं बसेल, आणि खरें कारण त्याच्या बापास कधींच कळणार नाहीं. मध्यंतरांत मैदानांत उतराल, तेव्हां त्यासही बरोबर घ्या. ढेकूळ बसविणारा पाय कोणत्या किंमतीच्या जोड्यांत आहे, याची चौकशी घोडा करीत नाहीं.