दोष भौतिकवादाचा की चंगळवादाचा?

भौतिकवादाने माणूस बिघडवला, ही तक्रार सभा-संमेलनांतून नेहमी ऐकू येते. तक्रार खरी असली, तरी आरोपी चुकीचा आहे, असे आम्हाला वाटते. इंग्रजीतील ‘मटेरिअलिझम’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत मात्र त्यांना भौतिकवाद आणि चंगळवाद अशी दोन नावे आहेत. हा भेद विसरला की गोंधळ होतो.

भौतिकवाद हे तत्त्वज्ञान आहे. सृष्टीच्या मुळाशी जड पदार्थच आहे व चेतनाही त्यातूनच निर्माण होते, असे ते मानते. आपल्या देशात चार्वाकांनी हा विचार मांडला. युरोपात १९व्या शतकात कार्ल मार्क्सने त्याच्या आधारे मानवी इतिहासाची मांडणी केली. श्रद्धावान माणसाला हे मत पटणार नाही. पण ते मानणारा हावरट असतोच असे नाही. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली प्रसिद्ध करणाऱ्या मार्क्सची लंडनमधील कित्येक वर्षे कर्जात व तंगीत गेली.

याउलट, माणसाची किंमत त्याच्याकडील वस्तूंवरून ठरवणे म्हणजे चंगळवाद. त्यासाठी नास्तिक असावे लागत नाही. धर्माचे सर्व नियम पाळणारा गृहस्थही शेजाऱ्यापेक्षा मोठा मंडप घालता यावा म्हणून मुलीच्या लग्नात कर्ज काढतो.

बाजार ही हाव वाढवतो. १९२४ साली बड्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला. अधिक काळ टिकणारे बल्ब बनवता येत असूनही या संघाने बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले. मर्यादेपेक्षा जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंड होत असे. हा निर्णय कोणा तत्त्ववेत्त्याचा नव्हता, तो नफ्याचा हिशेब होता.

रास्त नफा कमावण्यात काहीच गैर नाही. परंतु न टिकणारा माल टिकाऊ म्हणून विकणे, गरज नसलेली वस्तू हप्त्यांवर गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारणे, हा चंगळवादाचा व्यापार आहे. भौतिकवादाला नावे ठेवत बसलो, तर आपल्याच वहीखात्यातला हा दोष नजरेआड होतो. आपल्या मूल्यांची परीक्षा व्यासपीठावर नव्हे, दुकानाच्या गल्ल्यावर होते. व्यापारी बांधवांनी याचा विचार करावा, एवढीच अपेक्षा.