जमाखर्चात न दिसणारे श्रम

उन्हाळी क्रीडाशिबिराच्या जमाखर्चात शुल्क, चेंडू, जाळी व अल्पोपाहार यांची नोंद होते. पहाटे मैदानावर पाणी मारणारे माजी खेळाडू आणि सुटी सोडून शिट्टी हाती घेणारे शिक्षक यांची होत नाही. वस्तुतः शिबिर उभे राहते ते या विनावेतन श्रमांवरच. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशाच निष्ठेवर वाढले. त्याने उन्हाळी व्यायामवर्ग चालविले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. शुल्क परवडत नाही म्हणून मजुराचे मूल कुंपणाबाहेर राहणार असेल, तर हा वारसा आपण गमावला असेच म्हणावे लागेल. मे महिन्यात शाळा-महाविद्यालयांनी मैदानांची कुलुपे काढावीत आणि आपण शिक्षकांनी रोज एक तास तेथे द्यावा.