संशोधन आणि खाजनाचा बांध

तात्त्विक संशोधन श्रेष्ठ की व्यावहारिक, हा वाद विद्वानांत नेहमीच रंगतो. गोव्याला त्याचे उत्तर आपल्याच एका सुपुत्राने देऊन ठेवले आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती; पण त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली आणि त्यांच्या झिजेतून इतिहास वाचला. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेसंबंधी मांडलेले सूत्र पीकसुधारणेचे संशोधक आजही वापरतात. कागदावरचे गणित असे शेतापर्यंत पोहोचले.

शेताचा विषय निघालाच आहे, तर खाजनांकडे वळू. खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या आपल्या कोरगुट भातातून जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान १' सारखे वाण निवडून काढले, ही कामगिरी स्तुत्य आहे. परंतु बांध फुटला, मानशीची दारे कुजली, तर उत्तम बियाणे तरी काय करणार? मासळीच्या लोभाने आत घेतलेले खारे पाणी, १९६४ च्या कूळकायद्यानंतर गांवकरीकडून कुळांच्या संघांकडे आलेली बांधांची जबाबदारी, शेतीकडे पाठ फिरवणारी तरुण पिढी, हे प्रश्न कायदा, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे आहेत.

प्रत्येक प्रबंधातून भाताची लोंबी उगवावी, असा हट्ट आम्ही धरणार नाही. मात्र निरनिराळ्या शाखांच्या पंडितांनी एकदा तरी फुटक्या बांधावर एकत्र उभे राहावे. कोसंबींच्या नावे व्याख्याने भरवणाऱ्या गोव्याने त्यांचे एवढे ऋण फेडलेच पाहिजे.