उजनीचे पाणी, काठ आणि गाळपेर: पेरणीआधी हे पाहा

भीमेवरील उजनी धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठा आहे. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला. इंदापूर, करमाळा भागात मैलोगणती काठ उघडा पडला. उलट 2025 मध्ये अवकाळी पावसामुळे मे महिन्यातच पाणी वाढू लागले. पाणी किती आहे इतकेच पाहून चालत नाही. ते कधी आणि किती वेगाने हलते, यावर काठाचे जीवन ठरते.

पाणी ओसरते तेव्हा
ओल्या चिखलात अळ्या, किडे, शिंपले, गोगलगायी उघड्यावर येतात. भिगवणला येणारे पक्षी यावर आणि उथळ पाण्यावर जगतात. पुढे त्याच जमिनीवर गवत उगवते. मार्च ते मे या काळात नदी सुरय आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मेमध्ये पाणी अचानक चढले, की ही घरटी बुडतात.

पाणी चढते तेव्हा
पावसाळ्यात बुडालेल्या गवतात माशांच्या पिल्लांना आसरा आणि खाद्य मिळते. काठ पाण्यापर्यंत नांगरलेला असेल, तर हा आसरा नाहीसा होतो. भुसभुशीत माती लाटांनी धुपून धरणात जाते. शेतात उरलेले खत पाण्यात उतरले, की शेवाळ आणि जलपर्णी वाढते. त्या कुजल्या, की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. त्याची झळ मच्छीमारांना बसते, आणि तेच पाणी पुढे आपल्या पिकालाही येते.

गाळपेर करताना
- पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या, अटी वाचा.
- हरभरा, चारा ज्वारी, मका अशी कमी दिवसांची पिके निवडा. मेअखेर नव्हे, मेच्या सुरुवातीलाच रान मोकळे होईल असा हिशेब धरा.
- गाळात मुळात अन्नद्रव्ये असतात. माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका. तणनाशक आणि कीटकनाशक टाळा.
- पाण्यालगतचा गवताचा पट्टा नांगरू नका, जाळू नका.
- घरटे दिसले, तर तेवढी जागा सोडून नांगर वळवा.

विस्तार कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्व बैठकीत धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक गावात सांगावे. गाळपेरीची जमीन आपल्याकडे वर्षातले चार-पाच महिनेच असते. उरलेले महिने ती तलावाचीच असते.